माणसांच्या नावांची हाडं, सांधे आणि बंध: पहिल्या वर्षाच्या विद्यार्थ्यासाठी पायरीपायरीने

शरीररचनाशास्त्राचं पुस्तक पहिल्यांदा हातात घेतलं की हाडांच्या आणि स्नायूंच्या नावांनीच जीव मेटाकुटीला येतो. त्यात मध्येमध्ये माणसं भेटायला लागतात: पूपार, गिंबरनात, कूपर, शोपार, लिस्फ्रां, हॅव्हर्स, लिस्टर. मनगटाजवळच्या एका उंचवट्याला रेडियसचा डॉर्सल ट्यूबरकल म्हटलं तर तो कुठल्या हाडावर आणि कोणत्या बाजूला, हे नावातच येतं. त्यालाच लिस्टर्स ट्यूबरकल म्हटलं की काहीच हाती लागत नाही.

यावर बहुतेक विद्यार्थी एकच उपाय करतात. इंग्रजी वर्णानुक्रमाने छापलेली यादी घेतात आणि घोकत बसतात. मग शोपार आणि कॉलिस शेजारी येतात. त्यातला एक पावलात आहे आणि दुसऱ्याचा फॅशिया (पडद्यासारखं आवरण) थेट पेरिनियममध्ये, म्हणजे दोन मांड्यांमधल्या भागात. तोंडी परीक्षेत यांची अदलाबदल झाली नाही तरच नवल. माझा आग्रह असा की आधी जागा बोटाने किंवा डोळ्याने पक्की करा, मग वर्णनात्मक नाव शिका, आणि माणूस सगळ्यात शेवटी. खालच्या पायऱ्या त्याच क्रमाने लावल्या आहेत.

पायरी १: वहीत चार रकाने आखा

पहिला रकाना जागेचा, दुसरा वर्णनात्मक नावाचा, तिसरा माणसाच्या नावाचा. चौथ्यात एकच गोष्ट लिहायची: हे कळून करायचं काय? कुठली नस (म्हणजे नर्व्ह, रक्तवाहिनी नव्हे) दबते, कुठला फ्रॅक्चर सुटून जातो, कुठे सुरी चालते, कुठे सुई टोचतात, असं काहीतरी. चौथा रकाना रिकामा राहत असेल तर ते नाव सध्या सोडून द्या. अशी नावं भरपूर आहेत आणि ती सोडल्याने काही बिघडत नाही.

अधिकृत नामावलीत ही माणसं आता नाहीत, हेही सुरुवातीलाच कळलेलं बरं. एकाच रचनेला देशोदेशी वेगवेगळी नावं साचली होती, ती छाटून एक यादी करण्याचं काम १८९५ मध्ये बाझलला झालं. १९५५ च्या पॅरिसच्या यादीतून व्यक्तिनामं अधिकृतपणे बाद झाली आणि १९९८ च्या टर्मिनॉलॉजिया अ‍ॅनाटॉमिकानेही तेच धोरण ठेवलं. पण शस्त्रक्रियागृहात, एक्स-रेच्या रिपोर्टमध्ये आणि वॉर्डात ती अजून रोज ऐकू येतात. म्हणून दोन्ही यायला हवीत. ‘अधिकृत नाही’ म्हणून टाळलंत तर वरिष्ठ काय म्हणतायत ते कळणार नाही, आणि फक्त व्यक्तिनामच पाठ केलंत तर अधिकृत नामावलीप्रमाणे काढलेला पेपर अडेल.

पायरी २: स्वतःच्या अंगावर बोट ठेवा

सुरुवात मनगटापासून करा, कारण तिथे जे दिसतं ते फार छान दिसतं. तळहात टेबलावर पालथा ठेवा. दुसऱ्या हाताचं बोट मनगटाच्या मागच्या बाजूने, तर्जनी आणि मधल्या बोटाच्या बेचक्याच्या रेषेत, कोपराकडे सरकवत न्या. रेडियसच्या टोकावर एक छोटा, कडक उंचवटा लागेल. तोच लिस्टर्स ट्यूबरकल. बोट तिथेच ठेवा आणि टेबलावरून फक्त अंगठा वर उचला. उंचवट्याच्या करंगळीकडच्या बाजूने एक दोरी ताणली जाते आणि तिथून वळून अंगठ्याकडे जाते. ही एक्स्टेन्सर पॉलिसिस लाँगस या स्नायूची टेंडन, म्हणजे स्नायूला हाडाशी जोडणारी दोरी. उंचवटा तिच्यासाठी कप्पीचं काम करतो. टेबलावर पालथ्या ठेवलेल्या हाताचा अंगठा वर उचलणं ही याच स्नायूची चाचणी.

आता चौथा रकाना. रेडियसचं खालचं टोक मोडलं, पण हाड जागचं हललं नाही, प्लास्टर घातलं, सगळं ठीक चाललं, आणि काही आठवड्यांनी रुग्ण म्हणतो की अंगठा वर उचलता येत नाही. टेंडन याच वळणावर झिजून तुटलेली असते. फ्रॅक्चर किरकोळ होता म्हणून हे होणार नाही, असं समजू नका. उलट, हाड न हललेल्या फ्रॅक्चरनंतरच हा प्रकार जास्त दिसतो.

यातला लिस्टर म्हणजे जंतुनाशक शस्त्रक्रियेचा जोसेफ लिस्टर, १८२७ ते १९१२. त्याच्या कार्बोलिक अ‍ॅसिडच्या पद्धतीची सुरुवातही एका मोडलेल्या हाडापासूनच झाली. १८६५ च्या ऑगस्टमध्ये ग्लासगोत गाडीखाली सापडलेल्या अकरा वर्षांच्या मुलाची नडगी मोडून जखम उघडी पडली होती. अशा जखमेत पाय कापणं हाच त्या काळचा रिवाज. लिस्टरने जखमेवर कार्बोलिक अ‍ॅसिडची पट्टी ठेवली आणि पाय वाचला.

आता गुडघा वाकवून बसा. वाटीखाली पुढे आलेला टिबियाचा उंचवटा म्हणजे टिबियल ट्युबरॉसिटी, आणि बाहेरच्या बाजूला फिब्युलाचं डोकं. या दोघांच्या मध्ये, थोडं वर, आणखी एक उंचवटा हाताला लागतो. तो जेर्दीचा ट्यूबरकल. पिएर निकोला जेर्दी हा एकोणिसाव्या शतकातला फ्रेंच सर्जन. मांडीच्या बाहेरून उतरणारा इलिओटिबियल बँड इथे चिकटतो. धावणाऱ्यांना या बँडमुळे जे दुखणं होतं ते मात्र सहसा इथे नसतं. ते वर, फीमरच्या (मांडीच्या हाडाच्या) बाहेरच्या एपिकाँडाइलपाशी, म्हणजे खालच्या टोकाच्या उंचवट्यापाशी असतं. दोन्ही जागा बोटाने वेगळ्या करून पाहा.

छातीवर गळ्याच्या खाचेपासून बोट खाली सरकवा. साधारण पाच सेंटिमीटरवर एक आडवी उंच कड लागते, तो लुईचा कोन, म्हणजे स्टर्नल अँगल. याच पातळीवर दुसऱ्या बरगडीची कूर्चा जोडलेली असते, म्हणून बरगड्या मोजायला इथूनच सुरुवात करतात. पहिली बरगडी कॉलरबोनखाली दडलेली असते, तिच्यापासून मोजायला गेलात की हमखास चुकणार. मागे हीच पातळी चौथ्या आणि पाचव्या थोरॅसिक मणक्यांमधल्या चकतीची. हा लुई नक्की कोणता, यावर मात्र वाद आहे. बरेच जण अंत्वान लुईचं नाव घेतात. फ्रान्समध्ये गिलोटिनचा आराखडा ठरवण्यात त्याचा हात होता आणि सुरुवातीला त्या यंत्रालाच लोक ‘लुईझेत’ म्हणत. दुसरे पिएर शार्ल लुईला श्रेय देतात. परीक्षेत या वादात पडू नका, दुसरी बरगडी सांगा.

आणि टाच. अकिलिस टेंडन माहीत नाही असा माणूस विरळाच, त्यामुळे ती शोधायला सांगत नाही. गॅस्ट्रोक्नीमियस आणि सोलियस हे पोटरीचे दोन स्नायू एकत्र येऊन ती बनते आणि टाचेच्या हाडाला मागून चिकटते. खाली उतरताना तिचे तंतू पीळ घेत जातात. शरीरातली ही सगळ्यात जाड आणि मजबूत टेंडन, तरीही ती तुटते. तुटण्याची जागाही बहुधा ठरलेली असते, टाचेपासून साधारण २ ते ६ सेंटिमीटर वर, जिथे रक्तपुरवठा कमी असतो. चाचणी सोपी आहे. रुग्णाला पालथं झोपवा, पावलं पलंगाबाहेर लोंबकळू द्या आणि पोटरी दाबा. टेंडन शाबूत असेल तर पाऊल खाली वळतं. तुटली असेल तर पाऊल ढिम्म राहतं. रुग्णाला नुसतं पाऊल खाली दाबायला सांगून फसू नका. टेंडन पूर्ण तुटलेली असतानाही इतर स्नायूंच्या जोरावर तो पाऊल थोडंफार खाली दाबू शकतो. या एकाच चाचणीला काही जण सिमंड्सचं नाव देतात, काही थॉम्पसनचं.

ट्रॉयच्या युद्धातल्या वीराचं नाव या टेंडनला दिलं ते फिलिप फरहेयन या फ्लेमिश शरीररचनाकाराने, १६९३ च्या ग्रंथात. तरुणपणी त्याचा स्वतःचा पाय कापावा लागला होता आणि धर्मशिक्षण सोडून तो वैद्यकाकडे वळला होता. कापलेल्या पायाचं विच्छेदन त्याने स्वतःच केलं ही गोष्ट खूप रंगवून सांगतात, तिला आख्यायिकेपलीकडे किंमत देऊ नये. पुराणकथेतलं दुसरं नाव पहिल्या मणक्याचं, अ‍ॅटलास. गंमत अशी की ते अधिकृत यादीतही जसंच्या तसं आहे.

एक सूचना. मानेतला शासेन्याकचा ट्यूबरकल, म्हणजे सहाव्या मणक्याच्या बाजूचा उंचवटा, मित्राच्या मानेवर दाबून शोधू नका. कॅरोटिड धमनी बरोबर त्याच्यासमोर असते. सांगाड्यावर बघा.

पायरी ३: पाऊल, आणि दोन कापाच्या रेषा

पावलाचा सांगाडा समोर ठेवा. मागून पुढे येताना दोन आडव्या सांध्यांच्या रेषा दिसतात. पहिली टेलस–नॅविक्युलर आणि कॅल्केनियस–क्युबॉइड या सांध्यांची. हा शोपारचा सांधा. दुसरी टार्सल आणि मेटाटार्सल हाडांमधली. हा लिस्फ्रांचा सांधा. दोघेही फ्रेंच सर्जन. फ्रांस्वा शोपार १७४३ ते १७९५, जाक लिस्फ्रां १७९० ते १८४७. उच्चारही असाच करा. ‘चोपार्ट’ आणि ‘लिसफ्रँक’ वॉर्डात चालून जातं, पण परीक्षक हौशी असेल तर अडवतो.

ही नावं सांध्यांना का चिकटली ते कळलं की जागा विसरत नाही. भूल नव्हती तेव्हा पाय कापायचा तर हाताशी मिनिटं असत. हाड करवतीने कापण्यापेक्षा सांध्यातून सुरी चालवली तर काम लवकर होई. शोपारच्या रेषेतून कापलं तर मागे फक्त टेलस आणि कॅल्केनियस उरतात. लिस्फ्रांच्या रेषेतून कापलं तर पावलाचा बराच मोठा भाग वाचतो. आज ज्याला लिस्फ्रां इंजुरी म्हणतात तिचं वर्णन त्याने स्वतः केलेलं नाही. त्याने सांगितली ती या सांध्यातून पाऊल कापण्याची रीत, नाव नंतर दुखापतीला चिकटलं.

या दुखापतीवर थोडं थांबा, कारण नवखा डॉक्टर इथेच फसतो. दुसऱ्या मेटाटार्सलचा तळ पहिल्या आणि तिसऱ्या क्युनिफॉर्मच्या मध्ये खोबणीत बसलेला असतो, त्याच्यावर पुढच्या पावलाची आडवी कमान तोललेली असते. आता हाडांच्या तळांना एकमेकांशी जोडणारे लिगामेंट मोजा. दुसऱ्या ते पाचव्या मेटाटार्सलच्या मध्ये ते आहेत. पहिल्या आणि दुसऱ्याच्या मध्ये नाहीत. तिथलं काम एकटं लिस्फ्रां लिगामेंट करतं, जे पहिल्या क्युनिफॉर्मपासून तिरकं दुसऱ्या मेटाटार्सलच्या तळाला जातं. ते तुटलं की पावलाची पुढची बाजू उसवते.

समोरून काढलेल्या एक्स-रेत दुसऱ्या मेटाटार्सलची आतली कड मधल्या क्युनिफॉर्मच्या आतल्या कडेशी एका रेषेत हवी. तिरक्या एक्स-रेत चौथ्या मेटाटार्सलची आतली कड क्युबॉइडच्या आतल्या कडेशी जुळायला हवी. पेन्सिल घेऊन रेषा मारा, नजरेच्या अंदाजावर राहू नका. रुग्ण झोपलेला असताना काढलेल्या फिल्ममध्ये बऱ्याचदा फट दिसत नाही आणि ‘मुरगळलंय’ म्हणून तो घरी जातो. शक्य असेल तर पायावर भार देऊन फिल्म काढतात. तळपायावर जखमेशिवाय उमटलेला काळानिळा डाग दिसला तर साध्या मुरगळण्यावर विश्वास ठेवू नका.

पायरी ४: जांघेतली मंडळी

सगळ्यात जास्त नावं एका ठिकाणी दाटली आहेत ती जांघेत. इथे एकेक पाठ करायचं नाही, एका ठिकाणाहून निघून चालत जायचं.

कमरेच्या हाडाचं पुढचं टोक, म्हणजे अँटिरियर सुपिरियर इलियाक स्पाइन, आणि पुढच्या प्यूबिस हाडावरचा उंचवटा, म्हणजे प्यूबिक ट्यूबरकल. या दोघांमध्ये ताणलेली दोरी म्हणजे इंग्वायनल लिगामेंट, पूपारचं लिगामेंट. खरं तर ही वेगळी दोरी नाहीच. पोटाच्या एक्स्टर्नल ऑब्लिक स्नायूच्या पडद्याची खालची कड आत दुमडून जाड झालेली असते. आतल्या टोकाशी तिचा काही भाग मागे वळून पंख्यासारखा पसरतो. ते लॅक्युनर लिगामेंट, गिंबरनातचं. तिथून प्यूबिसच्या धारेवरून जो भाग पुढे सरकतो तो पेक्टिनियल लिगामेंट, कूपरचं. तीन माणसं, तीन देश, पण तंतू बहुतेक एकमेकांत मिसळलेले. कागदावर एकाच रेषेत हे तीन भाग काढा, पुन्हा विसरणार नाही.

आंतोनियो दे गिंबरनात हा स्पॅनिश सर्जन. मांडीच्या हर्नियात आतडं अडकतं तेव्हा आतल्या बाजूने त्याला आवळणारी धारदार कड ही याच लिगामेंटची. ती कापून आतडं मोकळं करायची पद्धत त्याने १७९३ मध्ये प्रसिद्ध केली. काही जणांत ऑब्ट्युरेटर धमनीची एक वेगळी शाखा नेमकी या कडेवरून जाते, म्हणून न बघता कापणं धोक्याचं. कूपर म्हणजे लंडनचा सर अ‍ॅस्टली कूपर. त्याच्या लिगामेंटला हर्नियाची जाळी टाचतात, म्हणून सर्जनच्या तोंडी हे नाव सतत असतं.

लिगामेंटच्या खाली स्कार्पाचा त्रिकोण. वर इंग्वायनल लिगामेंट, बाहेर सार्टोरियस, आत अ‍ॅडक्टर लाँगस. बाहेरून आत येताना नस, धमनी, शीर हा क्रम. धमनीचा ठोका शोधायचा तर इलियाक स्पाइन आणि प्यूबिक सिम्फिसिस (दोन्ही प्यूबिस हाडांमधला सांधा) यांच्या बरोबर मध्यावर बोट ठेवा. लिगामेंटचा मध्य आणि हा मध्य एक नव्हे, कारण लिगामेंट सिम्फिसिसपर्यंत जात नाही, ट्यूबरकलवरच संपतं. परीक्षक हा प्रश्न विचारल्याशिवाय राहत नाहीत.

त्रिकोणाच्या खालच्या टोकातून धमनी सार्टोरियसच्या आड शिरते, ती हंटरच्या कॅनालमध्ये. हा अ‍ॅडक्टर कॅनाल. वास्टस मीडियालिस एका बाजूला, अ‍ॅडक्टर स्नायू मागे, छत सार्टोरियसचं. सर्जन जॉन हंटरने १७८५ मध्ये एका घोडागाडी हाकणाऱ्याच्या गुडघ्यामागची फुगलेली धमनी दुरुस्त करताना फुगवट्याला हात न लावता वर मांडीत, निरोगी जागी धमनी बांधली. आजूबाजूच्या लहान रक्तवाहिन्या पाय जगवतील हा त्याचा अंदाज होता आणि पाय जगला. आज याच कॅनालमध्ये बधिर करणारं इंजेक्शन देतात, गुडघ्याच्या शस्त्रक्रियेनंतर वेदना कमी व्हाव्यात आणि मांडीची ताकद फारशी जाऊ नये म्हणून.

खुब्याच्या पुढे बिगेलोचं लिगामेंट, म्हणजे इलिओफीमोरल. इलियममधून निघून उलट्या वाय आकारात फीमरच्या इंटरट्रोकँटेरिक रेषेवर पसरतं. शरीरातलं सगळ्यात बळकट लिगामेंट म्हणून याची ख्याती आहे. उभं राहून पहा. कंबर किंचित पुढे ढकलली की मांडीचे स्नायू सैल सोडूनही पडत नाही, कारण हे लिगामेंट ताणून खुबा धरून ठेवतं. बॉस्टनच्या हेन्री जेकब बिगेलोने १८६९ मध्ये दाखवलं की निखळलेला खुबा बसवताना ताकदीने ओढणं व्यर्थ, आधी खुबा वाकवला की हे लिगामेंट सैल पडतं आणि मांडीचं डोकं सहज आत जातं. हाच बिगेलो १८४६ मध्ये ईथरच्या पहिल्या जाहीर प्रयोगाला हजर होता आणि त्याची बातमी वैद्यकीय जगाला त्यानेच लिहून कळवली.

पायरी ५: हात, जिथे नसा अडकतात

हातातली बहुतेक व्यक्तिनामं नस दबण्याच्या जागांची आहेत, म्हणून ती नसेबरोबर जोडून शिका.

मनगटाच्या करंगळीकडच्या बाजूला पिसिफॉर्म आणि हॅमेटच्या आकड्यामधला बोगदा म्हणजे गियोंचा कॅनाल. अल्नर नस आणि धमनी इथून तळहातात जातात. तासन्‌तास हँडल दाबून धरणाऱ्या सायकलस्वारांच्या करंगळीला मुंग्या येतात त्या इथे नस दबल्यामुळे. फेलिक्स गियों खरा ओळखला जातो तो मूत्ररोगतज्ज्ञ म्हणून. १८६१ मध्ये त्याने मनगटातला हा बोगदा वर्णन केला आणि हाडांच्या डॉक्टरांच्या तोंडी कायमचा बसला. पुढच्या हातात सुपिनेटर स्नायूच्या वरच्या कडेवरची कमान फ्रोझची. रेडियल नसेची खोल शाखा तिच्याखालून जाते.

कोपराच्या वर स्ट्रदर्सचं लिगामेंट. हे सगळ्यांत नसतं. साधारण शंभरात एखाद्याच्या ह्यूमरसवर हाडाचा एक छोटा काटा असतो, त्याच्यापासून आतल्या एपिकाँडाइलपर्यंत हे लिगामेंट जातं आणि खालून जाणारी मीडियन नस दबू शकते. शरीररचनाकार जॉन स्ट्रदर्सने हा काटा एका बापात आणि त्याच्या सातपैकी चार मुलांत दाखवला होता, आणि डार्विनने माणसाच्या उत्पत्तीविषयी लिहिताना त्याचा दाखला दिला. पण स्ट्रदर्सची आर्केड नावाची आणखी एक गोष्ट आहे. तीही दंडाच्या आतल्या बाजूला, तिथे दबते ती अल्नर नस, आणि काट्याशी तिचा संबंध नाही. वहीत दोन्हींसमोर नसेचं नाव लाल पेनने लिहा.

पायरी ६: सूक्ष्मदर्शकाखाली

इथे चार नावं पुरतात. हाडाच्या लांबीने जाणारी नळी हॅव्हर्सची, तिच्याभोवती हाडाचे थर वर्तुळात. आडवी जाऊन त्या नळ्यांना जोडणारी फोल्कमानची, तिच्याभोवती असे थर नसतात. स्लाइडवर ओळखायची खूण हीच. हाडाचं आवरण आणि टेंडन हाडात रोवून धरणारे तंतू शार्पीचे. हाड खाणाऱ्या ऑस्टिओक्लास्ट पेशी ज्या खळग्यात बसतात तो हाउशिपचा. क्लॉप्टन हॅव्हर्स हा इंग्लिश डॉक्टर, त्याने १६९१ मध्ये हाडांवर ग्रंथ लिहिला. स्नायू आणि टेंडनच्या जोडावर ताण मोजणारं गॉल्जी टेंडन ऑर्गन हवं तर पाचवं धरा. कामिलो गॉल्जीला १९०६ चं नोबेल मिळालं ते मज्जासंस्थेवरच्या कामासाठी.

पायरी ७: एकाच नावाच्या दोन गोष्टी वेगळ्या करा

हे पान वेगळं काढा. फोल्कमानची नळी बापाची, आल्फ्रेड फोल्कमान या शरीरक्रियाशास्त्रज्ञाची. हातातल्या स्नायूंचा रक्तपुरवठा तुटून बोटं आखडतात ती फोल्कमान काँट्रॅक्चर मुलाची, रिखार्ड या सर्जनची. कूपरचं लिगामेंट म्हटलं की प्यूबिसवरचं की स्तनातलं, हे विचारून घ्या. माणूस एकच, जागा दोन. मेकेलची कूर्चा, जिच्या आधाराने गर्भात खालचा जबडा घडतो, ती धाकट्या मेकेलची. कवटीतली मेकेलची गुहा त्याच्या आजोबांची.

कॉलिस हा डब्लिनचा सर्जन. १८१४ मध्ये, एक्स-रे निघण्याच्या आठ दशकं आधी, त्याने मनगटाचा फ्रॅक्चर वर्णन केला. त्याच्याच नावाचा फॅशिया पेरिनियममध्ये आहे आणि तो वर पोटावरच्या स्कार्पाच्या फॅशियाला सलग जोडलेला आहे. स्कार्पाचा फॅशिया इंग्वायनल लिगामेंटच्या जरा खाली मांडीच्या फॅशियाला चिकटतो. त्यामुळे मूत्रनलिका फुटली तर मूत्र पोटाच्या भिंतीत चढतं, मांडीत उतरत नाही. स्कार्पाचा त्रिकोण आणि स्कार्पाचा फॅशिया यांत घोळ झाला की हे उत्तर हमखास चुकतं.

कवटीच्या शिवणींत सापडणाऱ्या जादा हाडांना वर्मियन म्हणतात, डॅनिश डॉक्टर ओले वर्मवरून. युनिकॉर्नचं म्हणून विकलं जाणारं शिंग हा नार्व्हाल या सागरी प्राण्याचा दात आहे, हे १६३८ मध्ये सांगणारा तोच. अशी हाडं एखाद-दुसरी असली तर दुर्लक्ष करा. लहान मुलाच्या कवटीत ती खूप दिसली तर ठिसूळ हाडांचा जन्मजात आजार मनात आणा.

पायरी ८: बोलताना आणि लिहिताना

केसपेपरवर वर्णनात्मक नाव लिहा. ‘कूपर लिगामेंटपाशी दुखतं’ असं लिहिलंत तर पुढचा वाचणारा पोट तपासेल की छाती, याची खात्री नाही. तोंडी परीक्षेत दोन्ही सांगा, वर्णनात्मक आधी: ‘टार्सोमेटाटार्सल सांधा, लिस्फ्रांचा.’ अकिलिस, लिस्फ्रां, कॉलिस फ्रॅक्चर ही नावं एकटीही चालतात, कारण त्यांच्याबाबत कुणाचा गोंधळ होत नाही. पूपार आणि बिगेलो मात्र हल्ली फारसे ऐकू येत नाहीत. जुनं पुस्तक वाचताना अडू नये एवढ्यापुरते ते लक्षात ठेवा आणि स्वतः लिहिताना इंग्वायनल आणि इलिओफीमोरलच लिहा.

उजळणी करताना माणसांच्या नावांचा रकाना हाताने झाका आणि जागेवरून नाव सांगा. ते जमलं की जागेचा रकाना झाका आणि नाव वाचून बोट ठेवा. दुसरी दिशा जास्त अवघड आहे आणि वॉर्डात तीच लागते.